कुंडीतल्या झाडाला नेमकं झालंय काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न गच्ची, बाल्कनी आणि खिडकीच्या ग्रिलमध्ये झाडं लावणाऱ्यांचे आहेत. शेतकऱ्यासाठी दिलेला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. शेतातल्या झाडाची मुळं पाणी शोधत खोल जातात, कुंडीतल्या झाडाला तुम्ही द्याल तेवढीच जागा आणि तेवढंच पाणी. त्यामुळे शेतात ज्याला रोग म्हणतात, तो कुंडीत बऱ्याचदा रोग नसतोच.

झाड आजारी दिसतंय. आधी काय फवारू?

काहीच नाही. बाटली खाली ठेवा आणि झाडाजवळ पाच मिनिटं बसा.

सगळ्यात आधी पान उलटून बघा. मावा, पांढरी माशी, कोळी (माइट), पिठ्या ढेकूण ही मंडळी जास्त करून पानामागे राहतात, आणि वरून बघणाऱ्याला फक्त पिवळेपणा दिसतो. मग बिघाड कुठून सुरू झालाय ते पाहा: खालच्या जुन्या पानांपासून, की शेंड्याच्या कोवळ्या पानांपासून? एकाच फांदीवर आहे, की सगळ्या झाडावर? शेजारच्या वेगळ्या जातीच्या झाडालाही तसंच झालंय का? एकाच वेळी तुळस, मिरची आणि मोगरा तिन्ही करपले असतील, तर तो रोग असण्याची शक्यता फार कमी. ऊन, पाणी, खत किंवा वरच्या मजल्यावरून आलेलं काहीतरी, हेच कारण निघतं. गच्चीवर वॉटरप्रूफिंग, रंगकाम किंवा पेस्ट कंट्रोल झालं होतं का, हे विचारायला लोक हमखास विसरतात.

आणखी एक सोपी चाचणी. पांढरा कागद फांदीखाली धरा आणि फांदीवर दोन-तीन टिचक्या मारा. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले, तर ते फुलकिडे किंवा कोळी. लांबट आणि चपळ ते फुलकिडे, गोलसर आणि सावकाश ते कोळी. दहापट मोठं दाखवणारं भिंग स्वस्तात मिळतं. मोबाईलच्या कॅमेऱ्यानेही पुष्कळ काम भागतं.

पानं पिवळी पडतायत. कोणतं खत कमी पडलं?

खताकडे नंतर येऊ. आधी माती ओली आहे की कोरडी ते बघा, कारण कुंडीतल्या पिवळेपणाचं सर्वात मोठं कारण जास्तीचं पाणी हेच असतं. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, आणि मातीत सगळं असूनही झाड उपाशी राहतं.

पाणी ठीक असेल, तर कोणती पानं पिवळी आहेत यावरून उत्तर मिळतं. नत्र (नायट्रोजन), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाडाच्या अंगात हलू शकतात. कमी पडली की झाड ती जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं, म्हणून कमतरता आधी खाली दिसते. लोह, कॅल्शियम, बोरॉन एकदा जिथे गेले तिथेच राहतात, म्हणून त्यांची कमतरता शेंड्यावर दिसते.

जुनं पान सगळंच एकसारखं फिकट पिवळं होत असेल तर नत्र. जुन्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. जुन्या पानाची कडा भाजल्यासारखी तपकिरी असेल तर पालाश, किंवा पाण्यातल्या क्षारांचा त्रास. हे दोन्ही सारखे दिसतात, वेगळे करायचे तर कुंडीच्या काठावर पांढरी पूड चढलीय का ते बघा, असेल तर क्षार. नवं पान पिवळं आणि त्यावर हिरव्या शिरांची जाळी असेल तर लोह.

सगळ्यात खालचं एखाद-दुसरं पान पिवळं होऊन गळणं हा रोग नाही. पान म्हातारं झालं, एवढंच.

कढीपत्त्याची नवी पानं पांढरट-पिवळी येतात. अंड्याची टरफलं, राख, सगळं घातलं, तरी फरक नाही.

घातलं म्हणूनच फरक नाही! टरफलं म्हणजे चुना आणि राखसुद्धा चुन्याच्याच वळणाची. दोन्हींनी मातीचा सामू (पीएच) वाढतो, आणि सामू वाढला की मातीतलं लोह मुळांना घेता येत नाही. मराठवाड्यातल्या आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत हा त्रास मुळातच असतो, त्यात बोअरवेलचं जड पाणी. टरफलं मातीत फार हळू विरघळतात, म्हणून लगेच नुकसान होत नाही. राखेचा परिणाम मात्र लवकर होतो.

राख-टरफलं बंद करा. शक्य असेल तेव्हा पावसाचं पाणी साठवून घाला. लगेच उपाय हवा असेल तर चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपात बांधलेलं) आणा, पण पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. ईडीटीए प्रकारचं लोह चुनखडीच्या मातीत टिकत नाही, ते पानांवर फवारायचं. ईडीडीएचए प्रकारचं मातीत घातलं तरी चालतं, मात्र महाग असतं. हिराकस (फेरस सल्फेट) स्वस्त: लिटरभर पाण्यात २ ग्रॅम आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. हिराकशीचे डाग फरशीवर पडले तर ते निघत नाहीत आणि खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतात, तेव्हा आधी खाली गोणपाट अंथरा.

पिवळी झालेली जुनी पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही. नवी फूट हिरवी आली की उपाय लागू पडला.

आंबट ताकाबद्दल सगळेच विचारतात. पाण्यात पातळ करून कधीतरी घातलं तर बिघडत नाही. मात्र दाट ताकाला वास सुटतो, मुंग्या येतात, आणि लोहाची खरी कमतरता त्याने भरून निघत नाही. थंडीत कढीपत्ता वाढ थांबवून पानं टाकतो. डिसेंबर-जानेवारीतला तो प्रकार असेल, तर फेब्रुवारी संपेपर्यंत काहीही करू नका.

झाडाने मान टाकली. पाणी कमी झालं की जास्त?

दोन्हींत झाड सारखंच दिसतं, आणि म्हणूनच इतकी झाडं मरतात. मान टाकलेली दिसली की माणूस पाणी घालतो. आधीच कुजलेल्या मुळांवर आणखी पाणी.

बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. कुंडी छोटी असेल तर उचलून बघा. पाणी घातल्यावर आणि सुकल्यावर तिचं वजन किती, हे हाताला आठवडाभरात कळायला लागतं. माती कोरडी आणि झाड कोमेजलेलं, तर पाणी द्या, तासाभरात उभं राहील. माती ओली आणि झाड कोमेजलेलं, तर मुळांत गडबड आहे. एप्रिल-मेच्या दुपारी दुधी, काकडी, जास्वंद यांची पानं ओल्या मातीतही लोंबतात आणि संध्याकाळी सावरतात. तो उन्हापासून बचाव आहे, त्यावेळी पाणी ओतू नये. संध्याकाळी सावरलं नाही तर मात्र बघा.

मुळांची शंका आली की झाड गोळ्यासकट बाहेर काढा. लोक याला घाबरतात, पण न बघता औषध देण्यापेक्षा हे बरं. निरोगी मूळ पांढरं किंवा फिकट तपकिरी आणि टणक असतं. कुजलेलं मूळ काळपट, बुळबुळीत, ओढलं की साल हातात येते, आणि वास येतो. कुजलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापा, वरच्या फांद्याही त्या प्रमाणात छाटा, नव्या भुसभुशीत मातीत ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) मिसळून लावा, आणि आठ-दहा दिवस सावलीत ठेवा. या काळात खत अजिबात नको.

मातीबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. नर्सरीतून आणलेलं झाड बहुतेक वेळा लाल चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात असतं. तो गोळा तसाच ठेवून भोवती कोकोपीट-गांडूळखताचं हलकं मिश्रण भरलं, की वर घातलेलं पाणी हलक्या भागातून निघून जातं आणि आतली लाल माती विटेसारखी कोरडी राहते. बोट घालून बघितलं तर ओलं लागतं, कारण बोट बाहेरच्या भागात जातं. झाड आत तहानेने मरत असतं. लावताना तो गोळा पाण्यात भिजवून बाहेरच्या बाजूने हलक्या हाताने मोकळा करून घ्यावा. पूर्ण वाळलेलं कोकोपीटही पाणी धरत नाही. कुंडीच्या कडेने पाणी सरळ खाली उतरतं आणि आपल्याला वाटतं भरपूर झालं. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात बसवावी.

पावसाळा लागला की कुंड्यांखालच्या ताटल्या काढून ठेवा. डासांसाठीही आणि मुळांसाठीही.

मिरचीची पानं आकसली, वळली. बोकड्या झालाय म्हणतात. खरं का?

हा सर्वात जास्त येणारा प्रश्न. चुरडामुरडा, बोकड्या, लीफ कर्ल अशी नावं सरसकट वापरली जातात, पण त्यामागे तीन वेगळी कारणं आहेत आणि तिघांचा उपाय वेगळा. इथे थोडा वेळ द्या.

पानाच्या कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल, मागच्या बाजूला चंदेरी किंवा तपकिरी ओरखडे दिसत असतील, तर फुलकिडे. ते कोवळी पानं खरवडून रस शोषतात. कोरड्या, गरम हवेत वाढतात, जोराच्या पावसाने कमी होतात. २०२१ मध्ये आंध्र-तेलंगणातल्या मिरचीवर परदेशातून आलेल्या एका काळपट फुलकिड्याने मोठं नुकसान केलं. तो फुलांत घुसून बसतो, म्हणून फुलं झडत असतील तर एखादं फूल कागदावर झटकून बघा. उपाय: शेंड्यांवर पाण्याचा बारीक जोरदार फवारा, निळे चिकट सापळे, आणि पाच-सहा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा कडुलिंबाचं तेल.

पानाच्या कडा खाली वळल्या असतील, पान अरुंद, गडद, जाडसर आणि देठ लांबलेला असेल, तर कोळी. मिरचीवरचा पिवळसर कोळी साध्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. हा कीटक नाही, जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या कुळातला आहे, आणि म्हणूनच बहुतेक कीटकनाशकांचा त्याच्यावर उपयोग होत नाही. उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि तो वाढतो. त्याच्यावर पाण्यात मिसळणारं गंधक चालतं, लिटरला २ ग्रॅम, पानामागून, आणि ऊन उतरल्यावर. पारा ३५ अंशांच्या वर असताना गंधक फवारलं तर पानं भाजतात. कडुलिंबाचं तेल फवारलं असेल तर मध्ये पंधरा दिवस जाऊ द्या.

पानं बारीक, गुच्छासारखी, फिकट शिरांची, झाड खुजं, फूल-फळ जवळपास बंद, आणि हलवल्यावर पांढऱ्या माशा उडतात? तर हा विषाणू, आणि पांढरी माशी त्याची वाहक. यावर औषध नाही. हळद-दूध नाही, ताक-हिंग नाही, दुकानातलं महागडं व्हायरस टॉनिकही नाही. झाड उपटा, पिशवीत बांधून टाका, आणि शेजारच्या मिरच्या-टोमॅटोवर पिवळे चिकट सापळे लावा. पुढच्या वेळी रोपं पहिला महिनाभर पांढरी माशी आत शिरणार नाही अशा बारीक जाळीखाली वाढवा. मोठं झाल्यावर लागलेल्या विषाणूने नुकसान कमी होतं, लहानपणी लागला तर झाड वाया.

वर आणि खाली दोन्हीकडे वळलेली पानं एकाच झाडावर असतील, तर फुलकिडे आणि कोळी एकत्र आहेत. होतं असं. आधी पाण्याचा फवारा, मग गंधक, पंधरा दिवसांनी कडुलिंब.

जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरा कापूस जमलाय आणि मुंग्या फिरतायत.

पिठ्या ढेकूण. तो रस पितो आणि गोड चिकट स्राव टाकतो, तो खायला मुंग्या येतात आणि त्याला खाणाऱ्या कीटकांना हुसकावतात. म्हणजे मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय ढेकूण जात नाही. कुंडी विटांवर ठेवून विटा पाण्याच्या ताटलीत ठेवा, भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटा. भिंतीवरून पूल मिळाला तर ताटलीचा काय उपयोग?

फार माखलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवा. उरलेल्या ठिकाणी जुन्या टूथब्रशने साबणाचं पाणी लावा, कारण त्याच्या अंगावर मेणाचा थर असतो आणि नुसती फवारणी घसरून जाते. आठवड्याने पुन्हा, कारण अंडी राहिलेली असतात. कुंडीच्या काठाखाली आणि खोडाच्या सांध्यातही बघा. पानांवरची काळी काजळी ही त्या चिकट स्रावावर वाढलेली बुरशी. ओल्या फडक्याने पुसली की जाते, बुरशीनाशक लागत नाही.

पपईवरच्या पिठ्या ढेकणाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. भारतात तो २००८ मध्ये कोईमतूरला पहिल्यांदा दिसला आणि पपईच्या बागा, तुती, जास्वंद सगळीकडे पसरला. फवारण्या करून लोक थकले. २०१० मध्ये बंगळुरूच्या, शेतीतल्या कीटकांवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने पोर्तो रिकोहून तीन जातींच्या इवल्याशा गांधीलमाश्या आणवल्या, ज्या या ढेकणाच्या शरीरात अंडी घालतात, आणि त्यांनी काम केलं. म्हणून गच्चीवर सरसकट विष फवारणाऱ्यांना सांगावंसं वाटतं, तुमच्या बाजूने लढणारे कीटक आधी मरतात.

झाडावर विचित्र, काटेरी, मगरीसारखे किडे दिसतायत. मारू का?

थांबा. ढालकिड्याची (लेडीबर्ड) पिल्लं तशीच दिसतात: काळी-राखाडी, त्यावर नारिंगी ठिपके. दिवसाला पुष्कळ मावा खातात. पानावर बारीक दोऱ्याच्या टोकाला लटकलेली अंडी दिसली तर ती क्रायसोपा नावाच्या हिरव्या, जाळीदार पंखांच्या कीटकाची, तीही मित्राची. पांढऱ्या कापसासारखं, पण भराभर चालणारं काही दिसलं तर ते पिठ्या ढेकूण खाणाऱ्या भुंग्याचं पिल्लू असू शकतं. पिठ्या ढेकूण इतक्या वेगाने चालत नाही.

लिंबाच्या, कढीपत्त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी अळी आहे.

फुलपाखराची अळी. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचली तर डोक्यामागून लाल-नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडते. लिंबू कुळातल्या झाडांवरच त्यांची पिल्लं वाढतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेलं नीलवंतही याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. झाड मोठं असेल तर दोन-चार अळ्या राहू द्या, पानं पुन्हा फुटतात. झाड वीतभर असेल तर अळ्या उचलून मोठ्या झाडावर सोडा. औषधाची गरज नाही.

लिंबाच्या पानात चंदेरी नागमोडी रेषा असेल तर ती पानं पोखरणारी अळी. तिचा त्रास फक्त कोवळ्या पालवीला. पानांवर, फळांवर उंचवट्याचे खरखरीत तपकिरी डाग आणि भोवती पिवळं कडं असेल, तर खैऱ्या. हा जिवाणूचा रोग पावसाच्या शिंतोड्यांतून पसरतो. रोगट फांद्या कोरड्या दिवशी छाटा, आणि वरून पाणी घालू नका.

टोमॅटोचं बूड काळं पडतंय. कीड कुठेच दिसत नाही.

कीड नाहीच. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलं नाही. मातीत ते बहुधा पुरेसं असतं, पण ते पाण्यासोबत चालतं, आणि पाणी एक दिवस पूर आणि दोन दिवस दुष्काळ असं मिळालं की फळापर्यंत जात नाही. लहान कुंडीत हे हमखास. टोमॅटोला किमान १५ लिटरची कुंडी किंवा ग्रो बॅग द्या, मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, आणि पाणी रोज ठरल्या वेळी. युरिया किंवा कोंबडीखत भरपूर घातलं तरी हा त्रास वाढतो. पहिल्या घोसात जास्त दिसतो, पुढे आपोआप कमी होतो. काळा भाग कापून उरलेलं फळ खाता येतं.

टोमॅटोच्या पानांवर रेषा उमटल्यात.

बारीक, नागमोडी, पांढरी रेषा असेल तर नागअळी. दिसायला वाईट, पण फळाला हात लावत नाही. खालची दोन-चार पानं खुडली की पुरे. रेषेऐवजी रुंद पारदर्शक चट्टा, त्यात काळी विष्ठा, आणि फळाच्या देठाजवळ भोक असेल, तर तुटा. ही दक्षिण अमेरिकेतली नाजूक पतंगाची अळी भारतात पहिल्यांदा २०१४ मध्ये पुणे परिसरात सापडली. अशी पानं आणि फळं लगेच काढून पिशवीत बंद करून उन्हात ठेवा. कुंडीशेजारी टाकलीत तर पतंग तिथूनच बाहेर येतील.

पानावर तपकिरी डाग आणि त्यात एकात एक वर्तुळं, खालच्या पानांपासून वर? करपा. जमिनीला टेकणारी पानं काढा, पाणी बुडाशी घाला.

तुळस दर थंडीत वाळते. घरात काही दोष आहे का?

नाही. तुळशीला थंडी सोसत नाही. नाशिक-पुण्याकडे पारा १० च्या खाली गेला की पानं काळपट होतात. शिवाय तुळशीच्या लग्नाच्या आसपास ती मंजिऱ्यांनी भरलेली असते. बी धरलं की तिच्या लेखी काम झालं, आणि ती सुकायला लागते. मंजिऱ्या कोवळ्या असतानाच खुडत राहिलात तर आयुष्य वाढतं.

दुसरं कारण थोडं नाजूक आहे. रोज सकाळी घरातली तीन माणसं प्रत्येकी तांब्याभर पाणी घालतात, पावसाळ्यातही. बुडाशी हळदकुंकू, दूध, तेलाचे ओघळ. वृंदावनाला खाली भोक आहे का ते बघा, कित्येक तयार सिमेंटच्या वृंदावनांना नसतं. पूजा करायची तर पळीभर पाणी घाला, दिवा थोडा दूर ठेवा, हळदकुंकू कठड्यावर वाहा.

पानं आकसून मागे काळे ठिपके दिसत असतील, तर तुळशीवरचा जाळीदार पंखांचा बारीक ढेकूण. रोगट शेंडे छाटा आणि सौम्य साबणाच्या पाण्याने पानं मागून धुवा. पानं तोंडात जातात, म्हणून याहून जास्त काही नको.

पानांवर पांढरी भुकटी पसरलीय.

भुरी. दिवसा कोरडं, रात्री गार आणि दमट अशा हवेत येते. दिवाळीनंतर भोपळावर्गीय वेल, गुलाब, भेंडीवर हमखास. इतर बुरशींसारखं हिला पानावर पाणी साचलेलं लागत नाही. पसरलेली पानं काढा, दाटी कमी करा. एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी, सकाळच्या उन्हात, आठवड्यातून एकदा. हा घरगुती उपाय त्यातल्या त्यात खरा निघालेला: ब्राझीलमध्ये झुकिनीच्या भुरीवर त्याचे प्रयोग झाले आणि १९९९ मध्ये छापून आले. खाण्याचा सोडा एखादवेळ चालतो, पण वारंवार वापरला तर सोडियम कुंडीत साठतं.

पिवळे कोनाकोनाचे डाग वर आणि मागे राखट-जांभळी लव असेल तर तो केवडा नावाचा वेगळा रोग, त्यावर दूध चालत नाही.

कुंडीभोवती बारीक चिलटं उडतात.

माती सतत ओली आहे. वरचा इंचभर थर वाळू द्या आणि एक पिवळा सापळा उभा करा. मोठ्या झाडाला त्यांचा फारसा त्रास नसतो, त्रास तुमच्या चहाला.

कडुलिंबाचं तेल फवारलं आणि पानंच जळली.

तेल जास्त, साबण कमी, किंवा ऊन. लिटरभर कोमट पाण्यात आधी एक-दोन मिलि सौम्य द्रव साबण, मग ५ मिलि तेल, आणि बाटली हलवत राहा, नाहीतर तेल वर तरंगतं आणि शेवटच्या झाडावर सगळं एकदम पडतं. त्याच दिवशी वापरा, दुसऱ्या दिवशी ते मिश्रण निकामी. संध्याकाळी, पानामागून, आणि आधी दोन पानांवर करून बघा. तहानलेल्या झाडावर कधीच नाही. मधमाश्या येत असतील तर फुलं वगळा.

गावाहून शेतातलं औषध आणलंय. थोडंसं वापरलं तर चालेल ना?

नाही. डब्यावरचा रंगीत त्रिकोण बघा: लाल सर्वात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. शेतातली मात्रा पंप आणि एकराच्या हिशेबाने असते, तुमच्या बाटलीत दोन थेंब म्हणजे किती पट, हे घरी मोजता येत नाही. बाल्कनी म्हणजे राहतं घर, तिथे वाळत घातलेले कपडे आहेत, शेजाऱ्याचं बाळ आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर दगावले. ती माणसं रोज फवारणारी होती. शिवाय फवारणी आणि तोडणी यांत ठरावीक दिवस जाऊ द्यावे लागतात, आणि रोज दोन मिरच्या तोडणाऱ्या घरात ते पाळलं जात नाही.

पावसाळ्यात मोठ्या गोगलगायी येतात. मीठ टाकू का?

मीठ कुंडीत गेलं की माती बिघडते. रात्री टॉर्च घेऊन हातमोजे घालून वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका. उघड्या हाताने धरू नका, त्यांच्यात माणसाला त्रास देणारे कृमी असू शकतात. ओलं गोणपाट ठेवलं तर सकाळी त्याखाली आयत्या सापडतात. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर-बीडकडे शंखी गोगलगायींनी उगवतं सोयाबीन फस्त केलं होतं, तेव्हा दोन-चार दिसल्या तरी हलक्यात घेऊ नका.

कुणाला दाखवायचं असेल तर?

राहुरी, दापोली, परभणी आणि अकोला इथे कृषी विद्यापीठं आहेत, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रं. नमुना नेताना पूर्ण मेलेली फांदी नेऊ नका, त्यावर नंतर आलेल्या बुरशीच जास्त असतात. निरोगी आणि रोगट भागाची सीमा असलेली फांदी, कागदात गुंडाळून. प्लास्टिकमध्ये ती कुजते. फोटो पाठवायचा असेल तर तीन: पूर्ण झाड कुंडीसकट, पानाची वरची बाजू, पानाची मागची बाजू. दिवसाच्या उजेडात. सोबत पाणी किती देता, ऊन किती तास, शेवटचं खत कधी, हे लिहा. हे लिहिता लिहिताच निम्म्या लोकांना आपलं उत्तर सापडतं.

छाटलेला रोगट भाग कंपोस्टच्या डब्यात टाकू का?

भुरीची, नागअळीची आणि नुसती पिवळी पडलेली पानं खुशाल टाका. विषाणूचं झाड, कुजलेली मुळं, खैऱ्याच्या फांद्या, तुटाची फळं आणि पिठ्या ढेकणांनी माखलेले शेंडे नकोत. घरच्या डब्यात ती मारण्याइतकी उष्णता तयार होत नाही. मूळकूज झालेल्या कुंडीतली माती टाकून द्यायची नसेल, तर मे महिन्यात ओली करून पारदर्शक प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून गच्चीवर भर उन्हात चार ते सहा आठवडे ठेवा. मग गांडूळखत आणि ट्रायकोडर्मा मिसळून वापरा. त्यात पहिल्यांदा मिरची-टोमॅटो न लावता मेथी किंवा कोथिंबीर लावा.